अर्धा तास बसायचं

थोरलीला शिंक आली की पलीकडून धाकटीची शिंक यायचीच. कधी लगेच, कधी चार टाके घालून झाल्यावर. धाकटी मुद्दाम शिंकते असं थोरलीचं ठाम मत होतं. मुद्दाम शिंकता येत नाही हे तिला कळत होतं, पण धाकटीच्या बाबतीत काहीही शक्य आहे हेही तिला माहीत होतं. लहानपणी शाळा चुकवायला ती ताप आणायची, आणि तो खरा असायचा.

दोघी सख्ख्या बहिणी. वडिलांचं शिवणकामाचं लांबलचक दुकान होतं. ते गेल्यावर त्याचे तीन तुकडे झाले. एका टोकाला थोरली शाळांचे गणवेश शिवायची, दुसऱ्या टोकाला धाकटी पडदे आणि गाद्यांच्या खोळी. मधे वडिलांची माल ठेवायची खोली. तिच्यात जुनी लोकर होती, दाबलेल्या लोकरीचे जाड नमदे होते, एका नाटक कंपनीने शिवून घेऊन कधीच न नेलेला मखमली पडदा होता आणि गिऱ्हाइकं विसरून गेलेल्या गाद्या होत्या. "ती खोली दोघींनी मिळून वापरा," एवढं सांगून वडिलांनी डोळे मिटले. भल्या माणसाने तेवढं एक वाक्य गिळलं असतं तर काय बिघडलं असतं? मिळून वापरायची, पण आधी कुणी, यावरून जुंपली. खोलीला दोन दारं. थोरलीने आपल्या दाराला कुलूप ठोकलं, धाकटीने आपल्या. जी आधी उघडेल ती हरली, असं न बोलता ठरलं. त्याला नऊ वर्षं झाली. एवढ्या काळात खोली मिळून कुणी वापरली असेल तर ती धुळीने.

वरच्या मजल्यावर दोघींची घरं, मधे फळ्यांची भिंत. म्हणजे खाली धूळ मधे आणि वर फळ्या मधे. या दोन्हींशिवाय आणखी एक जण मधे होता, तो थोरलीचा नवरा.

हा माणूस जन्मभर रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करत होता. गाडी अर्धा दिवस उशिरा असली तरी ते अशा आवाजात सांगायचा की प्रवाशांना वाटावं, बरं झालं, तेवढीच विश्रांती. निवृत्त झाल्यावर त्याला घरातच काम मिळालं. बहिणींचा अबोला नऊ वर्षं टिकला तो याच्या जिवावर. थोरली म्हणायची, "तिला सांगा, पडदे रस्त्यावर वाळत घालू नकोस. माझ्या गिऱ्हाइकांच्या थोबाडावर फडफडतात. काही लाजलज्जा?" नवरा चपला घालून पलीकडे जायचा, थोड्या वेळाने यायचा आणि म्हणायचा, "सांगितलं." पडदे आत गेलेले असायचे. काय सांगितलं हे थोरलीने कधी विचारलं नाही. पोस्टमनला कुणी पत्र वाचून दाखवायला सांगतं का?

तो घरी नसला आणि बहिणी समोरासमोर आल्याच, तर निरोप वस्तूंना दिले जात. थोरलीच्या दारात कपडे चढवून ठेवायचा लाकडी पुतळा होता. त्याला उद्देशून धाकटी म्हणायची, "काही लोकांच्या मशीनचा आवाज फार होतो." थोरली त्याच पुतळ्याला सांगायची, "काही लोकांचे कान फार लांब आहेत." पुतळ्याला डोकं नव्हतं, त्यामुळे तो कुणाचीच बाजू घेत नसे.

शिंकांनी मात्र दोघींना जेरीस आणलं. नाक वाहायचं, डोळे चुरचुरायचे, शिवलेल्या गणवेशावर शिंक उडायची. धाकटीला तर वर दमाही होता, आटोक्यातला. दोघी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि दोघींना त्यांनी एकाच दवाखान्यात पाठवलं. ॲलर्जीची सुई देणारी डॉक्टर गावात एकच होती आणि ती आठवड्यातून एकाच दिवशी ही सुई द्यायची. इथेच माशी शिंकली.

डॉक्टर तरुण होती आणि भीड न ठेवता बोलायची. हातावर थेंब ठेवून टोचणी करून झाल्यावर ती थोरलीला म्हणाली, "धुळीतले किडे. डोळ्यांना दिसत नाहीत. जुनी लोकर, जुन्या गाद्या, जाड कापड यांत राहतात. घरात असं काही आहे?"

"नाही," थोरली म्हणाली.

"एक खोली आहे," नवरा म्हणाला.

"मग ती आधी रिकामी करा."

"ती खोली सोडून काय ते सांगा," थोरली म्हणाली.

पुढे कळलं की धाकटीनेही डॉक्टरला हेच, याच शब्दांत सांगितलं होतं. डॉक्टरने हात टेकले आणि सुयांचं समजावून सांगितलं. ज्याने त्रास होतो तेच अगदी थोडं थोडं अंगात घालायचं, दर आठवड्याला जरा वाढवत न्यायचं, म्हणजे अंगाला त्याची सवय होते. मग महिन्याला एक. तीन वर्षं तरी, कदाचित जास्त. बऱ्याच जणांना चांगला गुण येतो, गोळ्या कमी लागतात. काहींना येत नाही, आणि कुणाला येणार ते आधी सांगता येत नाही. "जादू नाही ही," ती म्हणाली. "आणि एक. क्वचित कुणाला सुईचीच जोरदार ॲलर्जी होते. तीही बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात. म्हणून सुईनंतर अर्धा तास इथेच बसायचं. दम वाढला असेल, छाती घरघरत असेल, तर त्या दिवशी सुई नाही. लपवायचं नाही."

थोरलीने मनाशी हिशेब केला. एका बाजूला खोली झाडणं, दुसऱ्या बाजूला तीन वर्षं दंडात सुया. तिने सुया निवडल्या. धाकटीनेही. शहाणी माणसं याला हट्ट म्हणतील. या दोघी त्याला तत्त्व म्हणायच्या.

तर आठवड्यातून एकदा तिघं त्या दवाखान्याच्या बसायच्या खोलीत बाकावर बसू लागली. या टोकाला थोरली, त्या टोकाला धाकटी, मधे नवरा. समोर काचेची पेटी, तिच्यात चार लाल मासे. सिस्टर सुई दिली की हातात स्वयंपाकघरात असतं तसं किल्लीचं टिकटिकतं घड्याळ द्यायची. अर्ध्या तासाने ते वाजलं की दंड दाखवायचा आणि मगच जायचं. नवऱ्याने पहिल्याच दिवशी दोघींना बजावलं, "इथे बोलायला मनाई आहे. निरोपसुद्धा नाही." तशी पाटी कुठे नव्हती. दोघींच्या मधे बसून निरोप पोचवायला तो का घाबरतो, हे थोरलीला कळलं नाही.

बोलता येत नव्हतं, पण शर्यत लावता येत होती. औषधाच्या कुप्यांना रंगीत झाकणं होती. हिरवं म्हणजे पातळ, मग निळं, पिवळं, शेवटी लाल. सुरुवातीला दोघी हिरव्यावर होत्या. मग एकदा थोरलीच्या दंडावर लिंबाएवढी गाठ आली. डॉक्टरने मापून पाहिली आणि मात्रा वाढवली नाही. धाकटी निळ्यावर गेली. घरी येताना थोरली रस्ताभर धुमसत राहिली. पन्नाशी उलटलेली बाई, चार कारागीर हाताखाली, आणि दुःख कशाचं, तर बहिणीच्या झाकणाचा रंग पुढचा आहे! पुढच्या वेळी गाठ आली तेव्हा तिने लांब बाहीचा झगा घातला, पण सिस्टरने बाही वर करायला लावली. थोरली पुन्हा मागे राहिली.

धाकटी तर अर्धा तासही धड बसत नसे. थोरलीच्या सावलीत इतका वेळ बसणं तिच्या जिवावर यायचं. ती हळूच घड्याळाची किल्ली पुढे फिरवायची. ते लवकर वाजायचं, ती दंड दाखवायची आणि निघून जायची. थोरलीने हे पाहिलं होतं. सिस्टरला सांगणं म्हणजे चहाडी, आणि तिला स्वतःला सांगणं म्हणजे बोलणं. त्यामुळे थोरली मासे मोजत राहिली.

आणि नवल म्हणजे सुयांनी गुण दिला. पावसाळा सरून हिवाळा आला तशा थोरलीच्या शिंका विरळ झाल्या. गोळी न घेता झोप लागू लागली. धाकटीच्याही शिंका पलीकडून क्वचितच यायच्या. एका सकाळी थोरलीला बऱ्याच दिवसांनी एक सणसणीत शिंक आली. तिने मशीन थांबवली आणि कान दिला. उत्तर आलं नाही. तिला उगाच चुकल्यासारखं झालं. नऊ वर्षांत त्या दोघींमधे थेट काही होत असेल तर तेवढंच होतं, आणि औषधाने तेही बंद पाडलं.

मग धाकटीचा खोकला सुरू झाला. शिंक नव्हे, खोकला. थोरली अंथरुणात पडली की फळ्यांच्या पलीकडून तो यायचा, अगदी उशाशी कुणी खोकावं तसा. त्यामागून शीळ घातल्यासारखा श्वास. आठवडाभर रोज. थोरलीला डॉक्टरचं बोलणं आठवत होतं. धाकटी हे दवाखान्यात सांगणार नाही, हेही तिला ठाऊक होतं, कारण धाकटी आता लाल झाकणावर होती आणि थोरली अजून पिवळ्यावर. सांगितलं असतं तर धाकटीला थांबवलं असतं आणि थोरलीने गाठलं असतं. अशी संधी धाकटी मेली तरी देणार नाही. हा विचार मनात आला आणि थोरली अंथरुणात ताडकन उठून बसली.

सुईच्या दिवशी सकाळीच तिने नवऱ्याला उठवलं. "जा आणि तिला सांगा. आज सुई घेऊ नकोस. छाती भरलीय तुझी. हट्टापायी मरशील, म्हणावं."

नवरा चपला घालून गेला. थोड्या वेळाने आला. "सांगितलं," म्हणाला.

तरी धाकटी दवाखान्यात आली. वर नवीन चप्पल घालून, केस नीट विंचरून. सिस्टरने विचारलं, "खोकला, दम, ताप?" धाकटी म्हणाली, "छे!" छे म्हणताना तिने खोकला इतका दाबला की डोळ्यांत पाणी आलं. थोरलीला वाटलं, निरोप मिळून ही आली. इतकी अक्कल गहाण टाकलेली बाई! कुणी कुणासाठी जीव जाळावा? पण जीव जळतच होता. दोघींना सुया झाल्या, घड्याळं टिकटिकू लागली, आणि तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं की दारात लावलेली स्कूटर काढा, ट्रक अडलाय. नवरा उठून खाली गेला. सिस्टर आत एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या दंडावर जागा शोधत होती.

बाकावर मधली जागा रिकामी झाली.

थोरली माशांकडे बघत होती. पेटीच्या काचेत तिला धाकटी दिसत होती. धाकटी तळहात खाजवत होती. मग मान. मग पुन्हा तळहात. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. तिचं घड्याळ वाजलं, अर्थातच लवकर, आणि ती उठली.

थोरलीने मधल्या जागेकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. पुतळाही नव्हता.

"माशांनो," थोरली म्हणाली, "कुणाला तरी सांगा, अर्धा तास झालेला नाही."

धाकटी थबकली. तिने माशांकडे रोखून पाहिलं. "माशांनी आपल्या पाण्यात राहावं." तिचा आवाज फाटका निघाला.

"आवाज बसलाय म्हणावं."

"ज्याचा त्याला बसलाय."

"ओठ सुजलाय म्हणावं! खालचा!"

"जन्मापासून असाच आहे." धाकटी खोकली. "लहानपणी याच ओठावरून काही लोक मला बेडकी म्हणायचे. विचारा तुमच्या मालकिणीला."

मासे पेटीत गोल फिरत राहिले. धाकटीने दाराची मूठ धरली आणि तिचा हात मुठीवरून घसरला. तिने वळून पाहिलं, या वेळी माशांकडे नाही, सरळ थोरलीकडे. तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. नुसती शीळ आली.

"चिमे!" थोरली ओरडली. हे नाव वडील गेल्यापासून कुणी उच्चारलं नव्हतं. "चिमे, खाली बस! सिस्टर! सिस्टर, धावा! माझी बहीण!" चालू मशीनांवरून कारागिरांना हाका मारून कमावलेला आवाज होता तो. खालच्या ट्रकवाल्यानेही म्हणे हॉर्न थांबवला.

सिस्टर ट्रे घेऊनच आली. एका झटक्यात तिने धाकटीला पाठ टेकवून बसवलं, पाय लांब करवले आणि कपड्यावरूनच मांडीत ॲलर्जी उतरवणारी सुई खुपसली. डॉक्टर आली, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसला. थोरली धाकटीचा हात धरून जमिनीवर बसली होती आणि मोठमोठ्याने काहीतरी बोलत होती. काय, ते तिला नंतर आठवलं नाही. सिस्टरच्या म्हणण्याप्रमाणे त्या शिव्या होत्या.

थोड्या वेळाने शीळ मंदावली. धाकटीचे हात थरथरत होते, छाती धडधडत होती. औषधाने असं होतं, घाबरू नका, असं डॉक्टरने सांगितलं. मग तिने मोर्चा वळवला. "आठवडाभर दम लागत होता का?"

धाकटीने मान हलवून नाही म्हटलं.

"होता," थोरली म्हणाली. "रोज. मला भिंतीतून ऐकू यायचा."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं. निरोप पाठवला."

"निरोप?" डॉक्टरने बाकाकडे पाहिलं, मग दोघींकडे. "तुम्ही शेजारी बसला होतात."

डॉक्टरचा राग खरा होता. ती म्हणाली की हे औषध चांगलं आहे, पण लबाडी खपवून घेत नाही. दम आटोक्यात येईपर्यंत सुई बंद, पुन्हा द्यायची की नाही ते नंतर ठरवू, दिलीच तर बरंच मागून सुरू करू. आणि हा त्रास ओसरून परत उलटू शकतो, म्हणून संध्याकाळपर्यंत इथून हलायचं नाही. नवरा स्कूटरची किल्ली हातात घेऊन धापा टाकत आला, पण सिस्टरने त्याला दारातच बसवून ठेवलं.

दोघी बहिणी आत राहिल्या. धाकटी पलंगावर, थोरली स्टुलावर. मधे कुणीच नव्हतं.

"सकाळी निरोप पाठवला होता ना," थोरली म्हणाली. "सुई घेऊ नकोस म्हणून. मरशील म्हणून."

धाकटीने मास्क जरा बाजूला केला. "भावोजी म्हणाले, ताई म्हणते, तब्येतीला जप, आज दवाखान्यात भेटू."

"भेटू? मी म्हणाले?"

"मलाही नवल वाटलं." धाकटी मास्ककडे बघत राहिली. "म्हणून तर आले. नाहीतर आज येणारच नव्हते. अंगात त्राण नव्हतं."

दाराकडे बघून थोरलीने नवऱ्याच्या सात पिढ्या मनातल्या मनात उद्धरल्या. मग सावकाश विचारलं, "पडद्यांचं काय सांगितलं होतं तुला?"

"फार सुंदर शिवलेत, बाहेर मळतील, आत घे."

"मी तुला निर्लज्ज म्हणाले होते!"

"मीही म्हणाले होते, तुझी मशीन उचलून नदीत टाक."

"मला सांगितलं, मशीनला तेल हवं असेल तर तिच्याकडे आहे. मी तेल आणायला माणूस पाठवला!"

"आणि मी दिलं! मला वाटलं, एवढ्या शिव्या खाऊनही मागते, म्हणजे खरंच नड असेल!"

"नड? मला? चार कारागीर आहेत माझ्याकडे!"

"चार कारागीर, आणि एकालाही सरळ शिलाई येत नाही! काल एका पोराच्या गणवेशाचा खिसा पाठीवर होता, ताई, पाठीवर!"

"तो दप्तराचा पट्टा होता, आंधळे!"

आवाज चढले. नऊ वर्षांचं तुंबलेलं होतं. कुणाचं लग्नात चुकलं, वडिलांची कात्री कुणी नेली, आईला शेवटी कोण जास्त भेटायला गेलं. सिस्टर धावत आली. तिच्यामागून डॉक्टर आली, दारात उभी राहून ऐकू लागली आणि म्हणाली, "ओरडू दे. पूर्ण वाक्यं बोलतायत. मधे श्वास घ्यायला थांबत नाहीत. छान आहे." त्यानंतर धाकटीच्या प्रत्येक लांबलचक शिवीला थोरली मनातून खूश होत गेली. जितकी शिवी लांब तितका श्वास मोकळा. एकदा तर धाकटी मधेच थांबली तेव्हा तिने काळजीने विचारलं, "का गं? बोल की. संपलं?"

"दमले नाही. विचार करतेय." धाकटीने मास्क पुन्हा लावला, मग काढला. आता ती हळू बोलत होती. "म्हणजे एवढ्या वर्षांत गोड असं जे काही तुझ्याकडून आलं, ते सगळं भावोजींचं."

थोरलीने पलंगावरची चादर ओढून सरळ केली.

"एक होतं. माझा नवरा गेला त्या वर्षी. घर खायला उठायचं. भावोजी आले आणि म्हणाले, ताईने सांगितलंय, खाट मधल्या भिंतीला लाव. मी पलीकडे आहे. तू हाक मारली नाहीस तरी मला ऐकू येईल." धाकटी छताकडे बघत होती. "त्याच दिवशी मी खाट भिंतीला लावली. अजून तिथेच आहे. तेही त्यांचंच का गं?"

खोकला उशाशी असल्यासारखा का यायचा, ते थोरलीला आत्ता कळलं. तो दिवसही आठवला. नवऱ्याने विचारलं होतं, "काही सांगू का तिला?" आणि ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली होती, "मी काय सांगणार?" किती गणवेश शिवले त्या दिवशी, सगळे उसवावे लागले होते.

दारात नवरा उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने घसा साफ केला, तसं थोरलीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो तिथेच थिजला.

"नाही," थोरली म्हणाली. तिने स्टूल पुढे ओढलं आणि धाकटीच्या मास्कची सरकलेली दोरी कानामागे नीट बसवली. "ते माझं होतं, चिमे. त्यातला शब्दन् शब्द माझा."

"नक्की?"

"विचार त्यांना."

धाकटीने दाराकडे पाहिलं.

"ताईचंच," नवरा म्हणाला. "मी फक्त पोचवलं."